कापील त्याचा बांध

माझ्या घरापुढं जे हिरवं पसरलंय त्याला माझा मुलगा लॉन म्हणतो. एका सुट्टीत तो पुण्याहून आला, नर्सरीतून चटईसारखं गुंडाळलेलं गवत टेम्पोभर आणलं, माझी मेथी आणि कोथिंबीर उपटून त्या जागी ते अंथरलं आणि परत गेला. पाणी घालायला मी, तण उपटायला मी, आणि बेळगावच्या पावसात ते पोटरीला लागलं की फोनवर सल्ला द्यायला तो.

"पप्पा, माणूस लावा. मशीनवाला येतो, तासाभरात मारून जातो. या वयात विळा घेऊन बसू नका, लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील याची काळजी त्याला पुण्यात बसून होती. माझी कंबर धरते हे खरं. माणूस लावू नये असं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पहिल्यांदा मी लावलाही होता. मग तो बंद करून मी स्वतः विळा का हातात घेतला, ते इथं लिहितोय. वाचून कुणी मला कोत्या मनाचा म्हणेल. म्हणू दे.

शेजारचं घर माझ्या चुलत भावाचं. माझ्याहून मोठा, म्हणून आम्ही त्याला अण्णा म्हणतो. तो सरकारी खात्यात होता, मी शाळेत कारकून. अनगोळच्या पुढं प्लॉट पडत होते तेव्हा त्यानंच ओळखीनं शेजारी-शेजारी दोन मिळवले. माझ्या मनात त्याच्याबद्दल काय आहे ते तेव्हाही तेच होतं, पण प्लॉट स्वस्त होता आणि बायकोनं हट्ट धरला होता. शिवाय ज्याच्यावर डूख धरायचा तो डोळ्यांसमोर असलेला बरा, असंही मला वाटलं.

वास्तुशांतीला माणसं जमली होती. कुणीतरी विचारलं, मधे कंपाऊंड कधी घालणार? अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भावाभावात कसली भित्त?" लोकांनी माना डोलावल्या, त्याचं कौतुक केलं. मीही मान डोलावली. तेव्हा हद्दीवर मोजणीचे दोन दगड होते. पुढचा दगड गटार बांधताना गेला. मागचा राहिला, तो आता गवताखाली आहे. मला तो डोळे मिटून पायाला सापडतो.

तर मशीनवाला आला. खांद्याला पट्टा, तोंडाला फडकं, पेट्रोलच्या यंत्राचा घरघराट. माझं अर्धं अंगण मारून झाल्यावर त्यानं यंत्र थांबवलं आणि विचारलं, दोन्ही घरं एकाचीच काय? हद्द कुठली ते कळंना त्याला. मी सांगायला तोंड उघडणार, तोवर अण्णा त्याच्या व्हरांड्यातल्या खुर्चीतून बोलला.

"मधलं ऱ्हाऊ दे. मधलं माझा माणूस मारील." आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "तू कंबरेचा माणूस गा. कशाला तरास घेतोस? मधलं मी बघतो."

मी मशीनवाल्याला तिथंच थांबवलं. मी पायरीवर जाऊन बसलो. बायकोला वाटलं साखर कमी झाली, तिनं गुळाचा खडा आणून दिला.

कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. अण्णाच्या वडलांच्या तोंडून, माझ्या वडलांना उद्देशून.

आमचं गाव खानापूरकडचं, भाताचं. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं खाचर आणि थोरल्या काकांचं खाचर लागून होतं. मधे आमचा बांध, चांगला रुंद. त्यावर लोणच्याच्या जातीचा एक आंबा. तो आमचा हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण तो आप्पांच्या आजोबांनी लावलेला. एका पावसाळ्यात आप्पा चिखलणीच्या वेळी पडले, पाय मोडला, आणि वाकडाच जुळला. बांधावर गवत तर मायंदाळ. काका दारात आले, बसले, चहा प्याले आणि म्हणाले, "तू पायाचा माणूस. कशाला तरास घेतोस? बांधावरचं मी कापतो. माझ्या म्हशींना बी हुतंय."

आप्पांचे डोळे भरून आले होते म्हणे. भाऊ असावा तर असा, असं ते आईला म्हणाले.

ज्यांना शेत नाही त्यांना यातली गोम कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडं बांध कुणाचा हे उताऱ्यावरून ठरत नाही. उतारा तालुक्याला, बांध शेतात. बांधावरचं गवत जो कापतो, त्याचा बांध. सरकार म्हणतं कसेल त्याची जमीन. आमचे लोक म्हणतात, कापील त्याचा बांध. म्हणून शहाणा माणूस घरी म्हैस नसली तरी बांधावरचं गवत स्वतः कापतो, आणि कापून फेकून देतो, पण दुसऱ्याच्या विळ्याला तिथं शिवू देत नाही. आप्पांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण सख्ख्या भावाबद्दल असा विचार करायचा असतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

काही पावसाळे गेले. आप्पा काठी टेकत हिंडायला लागले. त्या उन्हाळ्यात ते आंबे उतरवायला गेले तर काका झाडाखाली उभे. "ह्यो बांध मी राखतोय," काका म्हणाले. प्रकरण गावातल्या चार जाणत्या माणसांपुढं गेलं. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, बांधावरचं गवत कोण कापतंय? आप्पा खोटं बोलणारे नव्हते. "दादा कापतोय," ते म्हणाले. झालं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात काकांकडून पाटी आली. पिकलेल्या आंब्यांची, वर पळसाची पानं झाकलेली. आमच्याच झाडाचे आंबे आम्हाला भेट म्हणून. मी लहान होतो, वासानं तोंडाला पाणी सुटलेलं, हात घातला. आईनं थोबाडीत मारली आणि सगळी पाटी म्हशीपुढं ओतली. म्हैस कोयी चघळत राहिली आणि आई तिच्याकडं बघत उभी राहिली. मला त्या थपडेचा राग आजवर आलेला नाही. त्या पाटीचा राग एक दिवसही गेलेला नाही.

ती पाटी दर उन्हाळ्यात येत राहिली. काका गेल्यावर अण्णा पाठवायला लागला. आता शेत त्यानं दुसऱ्याला कसायला दिलंय, पण आंबे दुधाच्या टेम्पोतून शहरात येतात, आणि त्यातले निवडक वहिनी आमच्याकडं आणून देतात. माझी बायको घेते, लोणचं घालते. मी त्याला जीभ लावत नाही. मला ना बांध हवा होता, ना आंबा. मला एवढंच ऐकायचं होतं की त्यांच्या घरातलं कुणीतरी एकदा तरी म्हणेल, बांध तुमचा होता. आप्पा ते न ऐकता गेले. मी ते ऐकल्याशिवाय जाणार नाही असं ठरवलं होतं, पण सांगणार कुणाला? असल्या गोष्टी मागून मिळत नाहीत.

आणि आता तोच बांध, तेच वाक्य, फक्त पायाच्या जागी कंबर.

मशीनवाल्याला मी त्याच दिवशी बंद केलं. बाजारातल्या लोहाराकडून दातेरी विळा करून आणला. बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो, कारकुनी केलासा जन्मभर. आता गवत काढतासा?" मुलगा फोनवर म्हणाला की तो ऑनलाइन ढकलायचं यंत्र मागवतो. मी म्हटलं, नको. यंत्र पळतं. मला सावकाश कापायचं होतं.

मी सकाळी उन्हं कोवळी असताना बसायचो. आधी माझं, मग मधलं. अण्णाचा माणूस आला की मी आधीच मधलं साफ करून हात धूत असायचो. अण्णा व्हरांड्यातून बघायचा. मग उन्हाळ्याच्या शेवटी तो गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडं बेंगळुरूला गेला. वहिनी पण गेल्या. घराला कुलूप. जाण्याआधी वहिनींनी आंबे दिले होते ते आमच्या टेबलावर पिकत होते. अण्णाचा माणूस यायचा बंद झाला. पाऊस पडत राहिला आणि त्याचं गवत वाढत राहिलं.

मला सुखाचे दिवस आले.

बांध कोरणं म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. नांगर धरणारा माणूस दर वर्षी फाळ जरासा पलीकडं घालतो. एवढासाच, की बघणाऱ्याला वाटावं बैल हलला. पुढच्या वर्षी आणखी जरासा. मी विळ्यानं तेच केलं. दगडापर्यंत माझी हद्द. पहिल्यांदा मी दगडाच्या पलीकडं चार बोटं कापलं. कापलेलं बारीक, न कापलेलं रानटी, मधली रेघ स्पष्ट दिसायची. आठवड्यानं ती रेघ वीतभर सरकली. मग हातभर. दर वेळी मी उठून, कंबरेवर हात ठेवून ती रेघ बघायचो आणि माझ्या अंगात असं काही गरम चढायचं की कंबरेचं दुखणं कळायचंच नाही. आप्पा, बघा, असं मी मनात म्हणायचो. कधी कधी मोठ्यानंही.

रस्त्यानं जाणारे लोक थांबायचे. कॉलनीतले एक म्हातारे म्हणाले, "भावाचं पण तुम्हीच बघताय की! बरं केलासा. आजकाल कोण करतंय?" मी म्हटलं, आपलंच आहे. खोटं बोललो नाही.

बायकोला मात्र कळलं होतं. ती खानापूरकडचीच. एकदा चहा घेऊन आली, दगड कुठं आहे ते तिनंही पायानं चाचपलं, आणि मी किती पुढं गेलोय ते बघितलं. "बरं दिसत न्हाय हे," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, गावाकडंही बरं दिसत नव्हतं. ती कप उचलून आत गेली. माझी आई तिलाही आवडायची.

नुसतं गवत कापून भागणार नव्हतं. बांधाला झाड लागतं. वहिनींनी दिलेल्या आंब्यांतला एक मी उचलला. खाल्ला नाही. कापून गर रस्त्यावरच्या गाईला घातला, कोय सावलीत वाळवली आणि दगडाच्या पलीकडं, माझ्या नव्या हद्दीच्या आत पुरली. आमच्याच झाडाची कोय, त्यांच्याच हातानं आलेली, त्यांच्याच मातीत. तांबूस कोंब वर आला त्या सकाळी मी बायकोला शिरा करायला सांगितला. का, ते सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी अण्णा परतला. गाडीतून उतरताना मुलानं धरलं होतं, हातात काठी. मी खिडकीतून बघितलं. काठी टेकत लंगडत चालण्याची ती ढब अगदी आप्पांची होती. ते मला मुळीच आवडलं नाही. मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गवतातून चालत माझ्याकडं आला. वाटेत रोपापाशी थांबला, काठीच्या टोकानं पान वर केलं, सोडलं. मग माझ्या पायरीवर बसला. बायकोनं चहा दिला आणि दारातच उभी राहिली. मी मनात सगळं तयार ठेवलं होतं. तो ओरडेल, मग मी विचारेन, गवत कोण कापतंय? मग सगळी कॉलनी जमेल. मी या एका प्रश्नासाठी सबंध पावसाळा विळा चालवला होता.

अण्णा चहा फुंकत म्हणाला, "लई चांगलं कापतोस गा. हात बसलाय."

मी रोपाकडं बघितलं.

"मी बघत हुतो की," तो म्हणाला, आणि काठीनं त्याच्या व्हरांड्याच्या छताकडं दाखवलं. तिथं वाटीएवढा कॅमेरा होता. त्याच्या मुलानं जाण्याआधी चोरांसाठी बसवलेला. "बेंगळुरात पडून करायचं काय? सकाळी उठलो की फोन लावायचो. तू यायचास, बसायचास. पोरगं म्हणालं, काका किती चांगले, आपलं पण गवत काढायलेत. मी म्हटलं, येड्या, गवत काढत न्हाय त्यो. बांध कोरायलाय."

आणि तो हसला. खरंच हसला, गुडघा धरून. मला वाटलं आता चहाचा पेला त्याच्या अंगावर ओतावा.

"बोलला का न्हाईस मग?" मी विचारलं.

"काय बोलू? आमच्या बानं तुझ्या आप्पाचा बांध असाच खाल्ला. मी त्या वक्ताला मोठा हुतो, मला ठाऊक न्हाय व्हय? विळा माझ्याच हातात असायचा. बा बांधावर बसून सांगायचा, आणि एवढं पुढं घे, आणि एवढं. बांध तुमचाच हुता. आंबा बी तुमचाच."

बायकोनं दाराची चौकट धरली.

हेच ते वाक्य. एवढी वर्षं मी ज्याच्यासाठी जीव धरून होतो ते. आणि ते त्यानं चहाच्या दोन घोटांमधे, पावसापाण्याचं बोलावं तसं बोलून टाकलं. ऐकायला आप्पा नाहीत, आई नाही, ते चार जाणते कधीच मातीला गेले. मला वाटत होतं की ऐकल्यावर छाती हलकी होईल. उलट ती आणखी भरून आली, रागानं.

मग अण्णानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता तू बी तेच केलास. रगत एकच की गा आपलं. फिटलं न्हवं आता?"

फिटलं! त्यांनी आख्खा बांध खाल्ला, झाड खाल्लं, आप्पांची इज्जत चार माणसांत खाल्ली. मी दीड हात गवत घेतलं, आणि तो म्हणतो फिटलं. शिवाय मला त्यांच्याच पंगतीला बसवून मोकळा झाला. बांध चोरला तो चोरला, आता माझा राग पण विळ्यानं कापून, भारा बांधून न्यायला आला होता. मी त्याचा हात गुडघ्यावरून काढला. तो काठी टेकत उठला आणि आला तसा गेला, रोपाला वळसा घालून.

त्या रात्री मला झोप लागली, हेही सांगून टाकतो. चांगली लागली.

पण सकाळी उठता येईना. पावसाळाभर जे दुखणं कळत नव्हतं ते सगळं एकदम उभं राहिलं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि खाली बसायचं नाही म्हणून बजावलं. मुलानं फोनवर जिंकल्यासारखं हसून पुण्यातूनच मशीनवाला ठरवला. मी नाही म्हटलं नाही. कंबर गेली होती. आणि विळ्याचं काम झालं होतं.

तोच मशीनवाला आला. खांद्याला पट्टा, तोंडाला फडकं. अंगणाच्या मधोमध उभा राहून त्यानं मागच्या वेळसारखाच प्रश्न विचारला. "कुठवर मारू?"

मी कंबरेला पट्टा बांधून पायरीवर उभा. अण्णा समोर त्याच्या व्हरांड्यात खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. दारातून बायको माझ्याकडं बघत होती. मी सावकाश उतरलो, गवतात गेलो. पायाखाली दगड लागला. मशीनवाल्याला वाटलं इथंच सांगतील, तो वाकून यंत्र सुरू करायला लागला.

मी दगड ओलांडला. दीड हात नाही, त्यातला अर्धा मी सोडला. एक हात. कोयीचं रोप जेवढ्यात बसेल तेवढं.

"इथवर," मी म्हटलं. "आणि झाडाला धक्का लावू नकोस."

यंत्र सुरू झालं नव्हतं, त्यामुळं सगळं अण्णाला ऐकू गेलं. तो हसला. हातानं, असू दे असू दे, असं केलं. मोठ्या मनाचा माणूस करतो तसं. तेच त्याचं हसू मला सहन होईना.

"अण्णा," मी म्हटलं, "कोयीचा आंबा आहे. फळ धरायला वर्षं लागतील. आपण दोघं असू-नसू. पण पोराला सांगून ठेवतो. आंबे लागले की दर उन्हाळ्यात पाटी धाडू तुमच्याकडं. वर पळसाची पानं झाकून."

त्याचा हात हवेतच राहिला. हसू हळूहळू गेलं. ती पाटी काय असते हे आम्हा दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. रोपाकडं बघत तो काठी टेकून उठला आणि आत गेला.

मशीनवाल्यानं यंत्र सुरू केलं. मी रोपाजवळच उभा राहिलो, त्याचं काम होईपर्यंत.